फाइल एक, खिडक्या अनेक

गणिताचा गृहपाठ करताना तुमच्या डाव्या हाताची बोटं कुठे असतात, सांगू? एक बोट उदाहरणसंग्रहाच्या पानात आणि दुसरं पार शेवटी, उत्तरसूचीच्या पानात! उजव्या हाताने गणित सोडवायचं, झटकन मागे जाऊन उत्तर पडताळायचं आणि पुन्हा बोटाच्या खुणेवर परत यायचं. (गणित सोडवण्याआधीच मागे डोकावणारेही काही महाभाग असतात. त्यांची नावं आम्ही इथे छापणार नाही!)

ही दोन बोटांची युक्ती तुम्हाला कुणी शिकवली? कुणीच नाही. गरज पडली आणि आपोआप सुचली. पुस्तक एकच असलं, तरी त्यातल्या दोन जागा आपल्याला एकाच वेळी हव्या असतात.

आता हेच पुस्तक संगणकात आहे असं समजा. काचेच्या पडद्यात बोट कसं घालणार? तिथे एका वेळी पंचवीस-तीस ओळी दिसतात. पुढचं पाहायला गेलं की मागचं वर सरकून दिसेनासं होतं. पूर्वी जन्मपत्रिका लांबलचक कागदावर लिहून तिची गुंडाळी करून ठेवत. एक टोक उलगडावं, तर दुसरं टोक गुंडाळलेलंच राहतं. संगणकातली फाइलही अशीच एक गुंडाळी असते. पण गंमत अशी की, या गुंडाळीतही दोन बोटं घालता येतात. दोनच काय, चार घाला! कशी, ते आज पाहू या.

लोणारची पुस्तिका

समजा, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका शाळेची सहावी-सातवीची मुलं लोणार सरोवरावर एक पुस्तिका तयार करत आहेत. त्यांनी गट पाडले. एका गटाने सरोवर कसं जन्मलं ते लिहिलं. दुसऱ्याने त्याची मापं लिहिली. तिसऱ्याने पाण्याबद्दल लिहिलं, तर चौथ्याने शेवटी 'पाहुण्यांसाठी थोडक्यात माहिती' दिली. सगळ्यांचा मजकूर एकाच फाइलमध्ये टाइप झाला. बघता बघता तीस पानं भरली.

ही पुस्तिका छापून लोणारला सहलीला येणाऱ्या मुलांच्या हातात द्यायची आहे. म्हणजे जबाबदारी केवढी, पाहा! यातला एखादा आकडा चुकला, तर तो किती तरी वह्यांमध्ये उतरवला जाणार. आणि 'बुलढाण्याच्याच मुलांनी लिहिलंय' म्हटल्यावर शंका तरी कोण घेणार?

मुलांनी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'उल्का आदळून हे विवर सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वी तयार झाले.' छान. अठ्ठाविसाव्या पानावर होतं, 'लोणार विवराचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आहे.' हेही छान! कुणालाच काही खटकलं नाही. खटकणार कसं? अठ्ठाविसाव्या पानावर पोचेपर्यंत दुसऱ्या पानावरचा आकडा लक्षात कुणाच्या राहतो?

मग एकीने पडद्याचे आडवे दोन भाग केले. वरच्या भागात दुसरं पान आणलं, खालच्या भागात अठ्ठाविसावं. फाइल तीच, पण आता तिला दोन खिडक्या झाल्या. दोन्ही आकडे एकमेकांच्या डोक्यावर येऊन बसले आणि सगळी मुलं एकदम ओरडली, "अरे, हे काय?"

तीन भांडणं, तीन निवाडे

एकदा हा नाद लागल्यावर मुलांनी खिडक्या पुढे-मागे सरकवत आणखी दोन भांडणं शोधून काढली. एका ठिकाणी लोणारचा व्यास १.८ किलोमीटर होता, दुसरीकडे १.२ किलोमीटर. एका पानावर पाणी हिरवट होतं, तर दुसऱ्या पानावर गुलाबी! आता या भांडणांचा निवाडा करू या.

पहिलं भांडण वयाचं. गंमत म्हणजे हे दोन्ही आकडे शास्त्रज्ञांनीच दिलेले आहेत. काही खनिजं तापवली की त्यांतून मंद प्रकाश बाहेर पडतो. तो मोजून लोणारचं वय सुमारे ५२ हजार वर्षं असल्याचं १९९० च्या दशकात काढलं गेलं. पुढे २०११ साली दुसऱ्या शास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उल्केच्या धडकेने वितळून पुन्हा घट्ट झालेल्या खडकांतला आर्गॉन वायू त्यांनी मोजला आणि वय आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. म्हणजे जवळजवळ अकरापट! मग पुस्तिकेत काय लिहायचं? २०११ चा नवा आकडा मुख्य ठेवायचा आणि जुना आकडा कोणत्या काळी, कोणत्या पद्धतीने निघाला ते एका ओळीत सांगायचं. आणि हो, हीच गोष्ट दोन्ही पानांवर सारखी हवी.

दुसरं भांडण व्यासाचं. इथे दोघंही खरे! विवराच्या एका काठापासून समोरच्या काठापर्यंत अंतर आहे सुमारे १.८ किलोमीटर. आत साठलेल्या पाण्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर. आईच्या कढईत डोकावून पाहा. कढईच्या काठाचा घेर मोठा असतो, तळाशी असलेल्या तेलाचा घेर लहान असतो. तसंच हे. आकडे बरोबर होते, फक्त एका ठिकाणी 'विवराचा' आणि दुसऱ्या ठिकाणी 'पाण्याचा' हा शब्द लिहायचा राहून गेला होता.

तिसरं भांडण रंगाचं. लोणारचं पाणी खारट आणि क्षारयुक्त आहे आणि एरवी ते हिरवट दिसतं. पण जून २०२० मध्ये ते चक्क गुलाबी झालं. तुमच्या आई-बाबांना आठवत असेल, वर्तमानपत्रांतून त्याचे फोटो आले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणाऱ्या 'हॅलोआर्किया' नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं दिसून आलं. म्हणजे इथेही दोन्ही वाक्यं खरी. राहून गेलं होतं ते साल!

पाहिलंत? एका ठिकाणी माहिती जुनी झाली होती, दुसऱ्या ठिकाणी एक शब्द राहिला होता आणि तिसऱ्या ठिकाणी साल राहिलं होतं. सुटं सुटं वाचलं तेव्हा प्रत्येक पान शहाण्यासारखं वागत होतं. दोन पानं शेजारी बसवल्यावर खरं काय ते कळलं. म्हणून मुलांनो, एकेक पान तपासून भागत नाही. लांबच्या दोन पानांची समोरासमोर गाठ घालून द्यावी लागते.

हे शहाणपण काही संगणकानेच आणलं असं नाही हं. घरी शेती असेल तर बाबांना सातबारा दाखवायला सांगा. त्याला 'सातबारा' का म्हणतात? जमीन कुणाच्या नावावर आणि किती, हे सांगणारा गाव नमुना ७. आणि त्या जमिनीत कोणतं पीक घेतलं, हे सांगणारा गाव नमुना १२. नमुने दोन, पण एकाच उताऱ्यावर! त्यामुळे मालक कोण आणि शेतात सोयाबीन की कपाशी, हे एका नजरेत दिसतं.

विहीर एक, मोटा दोन

आता तुमच्यातला एखादा चौकस विचारेल, "खिडक्या दोन झाल्या म्हणजे फाइली पण दोन झाल्या का?"

नाही! आणि हीच तर या गोष्टीतली खरी मेख आहे.

विजेचे पंप नव्हते तेव्हा विहिरीचं पाणी मोटेने काढत. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. ती दोराने विहिरीत सोडायची आणि बैलांनी ओढून वर आणायची. मोठ्या विहिरीवर एकाच वेळी अनेक मोटा चालत. साताऱ्याजवळ लिंब गावात तर 'बारा मोटांची विहीर' म्हणून प्रसिद्ध असलेली जुनी दगडी विहीर आजही पाहायला मिळते. आता सांगा, मोटा बारा म्हणून पाणी बारा प्रकारचं का? छे! पाणी तेच. एका मोटेने पाणी उपसलं, की पातळी सगळ्यांसाठीच खाली जाते.

फाइल म्हणजे विहीर आणि खिडक्या म्हणजे मोटा. संगणक मजकूर आपल्या स्मृतीत एकदाच ठेवतो. प्रत्येक खिडकीजवळ फक्त एक खूण असते, 'मी अमुक ओळीपासून दाखवते आहे.' बस्स! तुमचं पुस्तकातलं बोट आणि ही खूण यांत काहीच फरक नाही. एवढं समजलं की पुढच्या तीन गोष्टी आपोआप समजतात.

एक, वरच्या खिडकीत तुम्ही एखादी ओळ दुरुस्त केली आणि खालच्या खिडकीत तीच ओळ दिसत असली, तर ती तिथेही त्याच क्षणी बदलते. पुन्हा लिहावी लागत नाही.

दोन, खिडकी बंद केली म्हणून मजकूर पुसला जात नाही. मोट काढून ठेवली म्हणून विहीर बुजते का?

तीन, आणि ही नीट लक्षात ठेवा. एका खिडकीत खोडलेलं सगळीकडून खोडलं जातं. 'वरच्या खिडकीत खोडलं, खालच्या खिडकीत असेलच की!' असं म्हणून चालणार नाही. पण घाबरू नका. 'अनडू' म्हणजे 'केलेलं मागे घे' हा हुकूमही फाइललाच लागू होतो, त्यामुळे खोडलेलं परत आणता येतं.

याउलट फाइलची दुसरी प्रत काढली, तर काय होतं? झेरॉक्ससारखंच. मूळ कागदावर दुरुस्ती केली, तरी झेरॉक्सला त्याचा पत्ताही नसतो! 'लोणार', 'लोणार नवीन', 'लोणार एकदम नवीन', 'लोणार शेवटचं', 'लोणार शेवटचं खरंच'... अशा फाइली तुमच्या ताई-दादाच्या संगणकावर नक्की सापडतील. वय एका प्रतीत दुरुस्त केलेलं, व्यास दुसऱ्या प्रतीत. आता छापायला कोणती द्यायची? नुसतं दोन जागा पाहायच्या असतील तर प्रत काढू नका, खिडकी उघडा.

आणखी एक सावधगिरी. एकाच प्रोग्राममध्ये एका फाइलच्या दोन खिडक्या उघडणं वेगळं आणि तीच फाइल दोन निरनिराळ्या प्रोग्राममध्ये उघडणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक प्रोग्राम आपापली प्रत स्मृतीत घेऊन बसतो. मग जो शेवटी 'सेव्ह' करेल त्याचंच राहतं आणि आधीच्याची मेहनत वाया जाते!

ही युक्ती आली कुठून?

९ डिसेंबर १९६८. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात संगणकतज्ज्ञांची परिषद भरली होती. तिथे डग्लस एंगलबार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने सुमारे दीड तास एक प्रात्यक्षिक दाखवलं. त्या काळी बहुतेक ठिकाणी भोकं पाडलेली कार्डं देऊन संगणकाकडून काम करून घेत. एंगलबार्ट मात्र पडद्यावरच खरेदीची यादी लिहीत होते, तिच्यातल्या ओळी हलवत होते. हातात लाकडी डबीसारखा 'माउस' होता. त्यांनी पडद्याचे भाग करून एका भागात मजकूर, तर दुसऱ्या भागात दूर मेन्लो पार्क इथे बसलेल्या सहकाऱ्याचा चेहराही दाखवला. एकाच काचेवर दोन गोष्टी! पाहणारे थक्क झाले.

पुढे लेखनासाठी 'टेक्स्ट एडिटर' नावाचे प्रोग्राम तयार झाले. १९७६ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ईमॅक्स' सुरू केला. १९८५ पासून मिळू लागलेला त्याचा 'ग्नू ईमॅक्स' हा अवतार आजही वापरात आहे. नेदरलँड्सच्या ब्रॅम मोलेनार यांनी 'विम' हा एडिटर १९९१ साली लोकांसमोर आणला आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला अनेक खिडक्या आल्या.

या मोलेनार यांची एक गोष्ट सांगायलाच हवी. 'विम' त्यांनी सगळ्यांना फुकट दिला. बदल्यात एकच विनंती केली, 'हा प्रोग्राम आवडला, तर युगांडा देशातल्या गरजू मुलांना मदत करा.' दक्षिण युगांडातल्या किबाले इथल्या मुलांच्या केंद्रात ते स्वतः स्वयंसेवक म्हणून राहून आले होते. तिथे त्यांनी पाणी आणि स्वच्छतेचं काम पाहिलं. २०२३ साली ते वारले. पण 'विम' उघडला की आजही पहिल्या पडद्यावर युगांडातल्या मुलांना मदत करण्याचं आवाहन दिसतं.

करून पाहा

शाळेत किंवा घरी संगणक असेल, तर मोठ्यांना विचारून पुढचे प्रयोग करा. आधी पाच-सहा पानांची एखादी फाइल घ्या.

'वर्ड'मध्ये वरच्या पट्टीवर 'व्ह्यू' आणि त्यात 'स्प्लिट' निवडा. पडद्याच्या मधोमध आडवी रेघ येईल. वरचा आणि खालचा भाग आता वेगवेगळे सरकवता येतील. काम झालं की तिथेच 'रिमूव्ह स्प्लिट' मिळेल.

'लिब्रेऑफिस रायटर' हा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात 'विंडो' आणि मग 'न्यू विंडो' निवडा. त्याच फाइलची दुसरी खिडकी उघडेल. दोन्ही शेजारी शेजारी लावा.

'ईमॅक्स'मध्ये कंट्रोल आणि एक्स ही बटणं एकत्र दाबा, सोडा आणि मग २ दाबा. वर-खाली खिडक्या होतील. २ च्या ऐवजी ३ दाबलं तर डावी-उजवी! एका खिडकीतून दुसरीत जायला कंट्रोल-एक्स आणि मग 'ओ' हे अक्षर. यातच 'फॉलो मोड' नावाची आणखी एक सोय आहे. पहिल्या खिडकीतला मजकूर जिथे संपतो, तिथून दुसऱ्या खिडकीतला सुरू होतो. अगदी वर्तमानपत्राच्या रकान्यांसारखा! मग लांब मजकुराचा दुप्पट-तिप्पट भाग एका वेळी दिसतो.

'विम'मध्ये आधी एस्केप बटण, मग विसर्गासारखं दिसणारं कोलनचं चिन्ह, मग इंग्रजीत एस-पी-एल-आय-टी अशी पाच अक्षरं आणि शेवटी एंटर. कंट्रोल दाबून ठेवून दोनदा 'डब्ल्यू' दाबलं की पुढच्या खिडकीत जाता येतं.

गुणपत्रकासारख्या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये 'फ्रीझ' नावाची सोय असते. वरची विषयांच्या नावांची ओळ जागच्या जागी राहते आणि खालची नावं सरकत जातात. साठाव्या मुलाचे गुण भरतानाही कोणता रकाना मराठीचा आणि कोणता गणिताचा ते दिसत राहतं. ही आपल्या खिडक्यांची धाकटी बहीणच म्हणा ना!

संगणक नाही? हरकत नाही!

आपल्याकडे पुष्कळ घरांत संगणक नाही. म्हणून काही अडत नाही. निबंध किंवा प्रकल्प सुट्या कागदांवर लिहा. अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून ते ओळीने टांगा. (वारा नसेल असा दिवस बघा बरं!) आता पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी आणा. सुरुवातीला 'मी हे सांगणार आहे' असं जे लिहिलं, ते शेवटी खरंच सांगितलं आहे का? एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलं गेलं आहे का? सालं जुळतात का? तुमची ही खिडक्यांची फाइल बिनखर्चाची आणि बिनविजेची!

पालकांनो, मुलांच्या प्रकल्पवहीवर सही करताना एवढंच करा. वही सलग वाचायला वेळ नसेल, तर सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं अशी तीनच पानं मुलांबरोबर बसून ताडून पाहा. 'चूक काढ' म्हणू नका. 'ही दोन पानं एकमेकांशी बोलताहेत का बघू' म्हणा. मुलं हा खेळ फार आवडीने खेळतात.

आणि जाता जाता एक कोडं. एका फाइलच्या तीन खिडक्या उघडल्या. तिन्हींत तेच पान दिसत होतं. पहिल्या खिडकीत 'सरोवर' हा शब्द खोडून 'विवर' लिहिला. दुसरी खिडकी बंद करून टाकली. तर तिसऱ्या खिडकीत कोणता शब्द दिसेल? आणि दुसरी खिडकी पुन्हा उघडली, तर तिच्यात?

उत्तर इथे छापत नाही. अडलंच तर मघाच्या त्या बारा मोटांच्या विहिरीला विचारा!